स्पितीतल्या गावात तीन आठवडे शाळेत शिकवायला जायचंय. पोहोचल्यावरचे पहिले दिवस कसे जातात?

स्पितीचं मुख्य गाव काझा, त्याच्या वर, लांगझा गावाच्या बाजूच्या एका गावात मी उन्हाळ्यात असाच थोडे दिवस शिकवायला होतो, त्यावरून सांगतो.

पहिले दिवस कसे जातील हे तुम्ही कुठल्या वाटेने जाता यावर ठरतं. मनालीहून अटल बोगदा नि कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठता येतं. तुम्ही तसे जाऊ नका. शिमल्याहून किन्नौरमार्गे जा. वेळ जास्त मोडतो, पण रेकाँग पिओ साधारण २,३०० मीटर, ताबो ३,३००, काझा ३,७०० अशी उंची हळूहळू वाढते. पिओहून हिमाचलची एसटी पहाटे सुटते, तीच धरा. वाटेत ताबोला एक मुक्काम केलात तर उत्तमच. लांगझा ४,४०० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६. लांगझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो, आणि तुम्ही सह्याद्रीत किती किल्ले केलेत याला तो दाद देत नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

पोहोचल्यावर दोन दिवस शाळेत फक्त बसा. डोकं दुखेल, झोप तुटक लागेल, दोन वाक्यं सलग बोलताना धाप लागेल. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर लाजू नका, लगेच खाली काझ्याला उतरा. तिथे सरकारी दवाखाना आहे.

राहणं बहुधा कुणाच्या तरी घरीच असेल. संडास कोरडा: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, वापरून झालं की कोपऱ्यातली माती-राख आत लोटायची. त्याचंच पुढे शेतात खत होतं, म्हणून त्यात प्लास्टिक किंवा पॅड टाकू नका. खाण्यात थुक्पा (शेवयांचं सूप), सातू, मीठ-लोण्याचा चहा, आणि कुकरमध्ये शिजवलेला डाळभात. मेतकुटाची पुडी न्या, दोन्ही बाजूंना आवडते.

आता शाळा. तुम्ही कदाचित इथूनच खेळ, गाणी, प्रयोगांचा तीन आठवड्यांचा आराखडा करून नेत असाल. माझं मत, तो घरीच ठेवा. पहिली ते पाचवीची सगळी मुलं मिळून एका खोलीत मावतात नि शिक्षक एक, फार तर दोन. म्हणजे पाचवीला भागाकार चालू असतो तेव्हा पहिलीचं पोर नुसतं पाटी घेऊन बसलेलं असतं. शिक्षकांना नवी पद्धत नको असते, माणूस हवा असतो. त्यांना पहिल्याच दिवशी विचारा, "सरजी, कुठलं काम माझ्यावर सोडता?" मला पहिली-दुसरीचं वाचन मिळालं. ते सगळ्यांत अवघड होतं, कारण ही मुलं घरी भोटी, म्हणजे तिबेटीच्या जवळची बोली, बोलतात. हिंदी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. आपली मुंबई-पुण्याची भरधाव हिंदी त्यांच्या डोक्यावरून जाते. हळू बोला, एक-एक शब्द वस्तू हातात धरून द्या, आणि मोठ्या मुलांना दुभाषी करा. त्यांना ते काम फार आवडतं.

एक गोष्ट मात्र जरूर न्या: कोकणच्या किनाऱ्यावरचे मूठभर शंख-शिंपले. लांगझाच्या उतारांवर अमोनाइटचे, म्हणजे गुंडाळीदार शंखाच्या नामशेष समुद्री जीवांचे, जीवाश्म सापडतात, कारण हिमालय वर येण्याआधी हा टेथिस समुद्राचा तळ होता. मी हर्णैचे शंख टेबलावर ठेवले तर पोरांनी दुसऱ्या दिवशी खिशातून अमोनाइट काढून शेजारी मांडले. समुद्र त्यांतल्या कुणीच पाहिलेला नव्हता. त्यांचा प्रश्न होता, मग पाणी गेलं कुठे? तो सगळा तास त्यावरच गेला नि सरजीही मुलांत येऊन बसले. (जीवाश्म विकत मात्र घेऊ नका, पर्यटकांच्या हौसेपायी तिथले उतार रिकामे होताहेत.) पाणी तिथे ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात का शिजत नाही हाही पाचवीसाठी चांगला धडा आहे.

मटार काढणीच्या दिवसांत गेलात तर घरातली सगळी मोठी माणसं शेतात असतील. शाळा सुटल्यावर तुम्हीही जा, ओळखी तिथे पटकन होतात.

निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाचं वाचन कुठवर आलंय हे एका वहीत लिहून सरजींकडे द्या. आणि परतल्यावर पार्सल पाठवायची उबळ आली तर आधी त्यांना फोन करून काय हवंय ते विचारा. वह्या-पेन्सिली काझ्याच्या बाजारात मिळतात.