ताई, झोपेत माझा हात बाळावर पडला तर?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवी आई विचारते, कुणी पहिल्याच भेटीत, कुणी जाता जाता दारात उभं राहून. आणि हल्ली त्याला जोडून दुसरा येतो, आईच्या बेडला लावायचा, त्या बाजूने उघडा असा बाळाचा कॉट घेतला की टेन्शन संपेल ना?

कोपरखैरण्याची एक मुलगी आली होती, बाळ दीडेक महिन्याचं, कॉट घरात आलेला आणि तरी हिच्या डोळ्याला डोळा नाही. बोलता बोलता कळलं की रात्री पाजायची वेळ झाली की ही बाळाला उचलून हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन बसते, का तर बेडवर पाजताना डोळा लागेल आणि बाळ अंगाखाली येईल. मग सोफ्यावर डोळा लागत नाही का, असं विचारलं तर गप्प झाली, डोळ्यात पाणीच आलं. लागतो ना, पहाटे तर लागतोच, दिवसरात्र जागं राहणारं कुठलं शरीर झोपणार नाही?

अगं पण सोफा बेडपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. हात सैल पडला की बाळ घसरून पाठीच्या आणि बसायच्या गादीच्या फटीत जातं, नाक दाबलं जातं, आणि एवढ्याशा जिवाला मान वळवून सुटता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनांतसुद्धा हेच आहे, बाळ आईच्या खोलीतच पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर, निदान पहिले 6 महिने, आणि पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा बेड बरा, उश्या-पांघरुणं बाजूला करून, आणि जाग आली की लगेच बाळ त्याच्या जागी. घरात कुणी सिगरेट ओढत असेल, दारू किंवा गुंगीची औषधं घेतली असतील, बाळ वेळेआधीचं किंवा जन्मतः अडीच किलोच्या आतलं असेल तर मात्र बेडवर शेजारी झोपवणं नकोच.

मग मी तिच्या घरी जाऊन कॉट बघितला, कारण खरी गोची नेहमी तिथेच असते. स्टोरेजचा बॉक्स बेड, त्यामुळे कॉटचे पट्टे कुठून घालायचे ते न कळून तसेच लोंबत ठेवलेले. नुसतं बघितलं तर कॉट बेडला चिकटलेला, पण तिला बेडच्या कडेला बसवलं आणि कॉट जरा ढकलला तर मधे माझा अख्खा पंजा आत गेला. सासूबाईंनी तिथे गोधडीची वळी करून कोंबली होती, अगदी मायेने, पण वळी सरकते आणि फट तशीच राहते, वर बाळाच्या तोंडाजवळ मऊ कापड. गादीखालून पट्टे नेऊन बेडच्या पलीकडच्या बाजूला नवऱ्याने ओढून बांधले, दोन्ही गाद्यांची उंची कंपनीच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे जुळवली. आणि घट्ट बसलंच नसतं तर? तर बाजू वर करून तो वेगळा कॉट म्हणून शेजारी ठेवायचा, एवढं साधं आहे, अर्धवट जोडलेला कॉट मात्र नको.

आत राईची उशी, दोन दुपटी, एक ससा. उशीवर सासूबाई अडल्या, डोकं चपटं होईल म्हणाल्या, आमची पोरं अशीच मोठी झाली. त्यांना मोडून काढायचं नसतं, सवा महिना रात्रंदिवस बाळंतिणीचं करणारी बाई आहे ती. काकूंना म्हटलं, झोपताना बाळ उताणं, गादी सपाट आणि टणक, बाकी काही नाही, आणि डोक्याच्या आकारासाठी जागेपणी तुमच्या नजरेसमोर थोडा थोडा वेळ पालथं घाला, ते काम तुमचंच. पटलं त्यांना. टोपडंही झोपेत काढायला सांगितलं, आपल्याकडच्या दमट हवेत बाळ तापतं, हातपाय गार लागले तरी छाती आणि मानेमागे हात लावून बघायचं.

ती रात्रभर श्वास मोजत बसायची. तान्ह्या बाळाचा श्वास मधेच 5-10 सेकंद थांबतो आणि परत चालू होतो, हे नॉर्मल आहे, पण 20 सेकंदांच्या वर गेला किंवा ओठ निळे पडले तर सरळ हॉस्पिटल. आणि बाळ शांत झोपलेलं असताना, दुसरं कुणी बघायला असतानाही आईला झोप येत नसेल, रडू येत असेल, हे दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगाच, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हिच्या बाबतीत पहाटेचं पाजून झाल्यावर बाळ घेऊन कॉटमध्ये ठेवायचं काम नवऱ्याकडे दिलं, अलार्म त्याच्या फोनवर, आणि सोफा रात्रीपुरता बंद.

मधे तिचा फोन आला, बाळ कुशीवर वळायला लागलंय, कॉटची बाजू खालीच ठेवू का? नाही, आता बाजू वर, दुपट्यात गुंडाळणंही बंद, आणि हातागुडघ्यांवर उठायला लागलं की हा कॉट काढून मोठा खोल कॉट आणा.