गुडघा गेला, आता कोच व्हायचं म्हणतोय

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा 24 वर्षांचा, बी.कॉम. झालेला. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचा, स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावफळीत मधोमध. गुडघ्याचा लिगामेंट दुसऱ्यांदा गेला आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. आता तो कोच व्हायचं म्हणतो, वडील म्हणतात दुकानात बस. तुमचा प्रश्न असा, की जो स्वतः पुरता खेळलाच नाही, त्याला कोच म्हणून कोण विचारणार?

खालिद जमील यांचं नाव त्याला ठाऊक असेल. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि भारताकडूनही ते खेळले, पण दुखापतींनी खेळ आखडला. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं त्याच संघात. पैसा बेताचा, मोठे परदेशी खेळाडू नाहीत आणि दर हंगामात एकच काम : खालच्या गटात घसरायचं नाही. या सात वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग ते मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा संघ आधीच्या हंगामात आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमधून, घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं गेलं. एप्रिल 2017 मध्ये त्याच संघानं मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून लीग जिंकली. ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि आशियाई चषकाची वाट बंद. दोन-अडीच महिन्यांत एवढं सगळं! हे घाबरवायला नाही सांगत, पण कोचची नोकरी ही अशीच असते.

जमील तर भारताकडून खेळले होते, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर. पण त्या नावावर पहिली नोकरी मिळते, सात वर्षं टिकता येत नाही.

आता पैशाचं. सुरुवातीची तीन-चार वर्षं तुमचा मुलगा शाळेच्या मैदानावर किंवा अकादमीत दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवेल आणि त्यावर घर चालणार नाही. वरची पायरीही पक्की नसते. 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या अव्वल लीगचा, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, तेव्हा काही क्लबांनी पगारच थांबवले. म्हणून दुकान लगेच सोडू नका. पोरांचा सराव पहाटे आणि संध्याकाळी असतो, मधला दिवस दुकानाला देता येतो. वडिलांना हे पटेल असं वाटतं.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स आधी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी चा कोर्स काही दिवसांचाच असतो, आपल्याकडे विफा, म्हणजे राज्य संघटना, तो घेते. वरच्या लायसन्ससाठी मधल्या काळात खरोखर संघ सांभाळलेला असावा लागतो. कोर्समागून कोर्स करून तिथे पोचता येत नाही. मैदानात उतरून सत्र घ्यावं लागतं, तेव्हा फिजिओचा होकार आधी घ्या. शाळेतली कायम नोकरी हवी असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागेल, पण त्याच्या प्रवेशाला मैदानी चाचणी असते. या गुडघ्यावर ती झेपेल का, हे डॉक्टरांनाच विचारा. सरकारी प्रशिक्षकाच्या जागांसाठी पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा चालतो.

बाकी तो स्टॉपर होता, ही जमेची बाजू. अख्खं मैदान समोर ठेवून खेळणारा तोच. (आपल्याकडे पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना असला की फॉरवर्डचं नाव गल्लीतलं पोरगंही सांगतं, कोचचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.)

कोर्सचे पैसे भरण्याआधी एक करा. पुढचा सामना बघायला त्याला शाहू स्टेडियमवर पाठवा, वही घेऊन. बॉलकडे बघायचं नाही. नव्वद मिनिटं फक्त एका संघाचे चार बॅक, म्हणजे बचावपटू, बघायचे : कोण कधी पुढे सरकतो, कोण मागे राहतो, कोण कुणाला हाक देतो. पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा आला तर दुकान बरं. वही भरली तर मला पाठवा, आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.