संगीतातली माणसं धर्माच्या बाबतीत खरंच मोकळ्या मनाची असतात का?

तुम्ही लिहिलंय, मुलाला तबला शिकायचाय, गावात बरं शिकवणारे एकच उस्ताद आहेत, पोरगा तयार आहे, पण सासूबाई आणि दीर म्हणतायत, ‘दुसरं कुणीतरी बघा.’ म्हणून विचारताय, की संगीतातली माणसं धर्माबिर्माच्या पलीकडे गेलेली असतात हे खरं का.

खरं नाही. ती इतरांइतकीच कोती असतात, काही बाबतींत जास्तच. पोराला मात्र पाठवा.

मी मिरजेचा. तबला आणि पखवाज वाजवतो, साथीची कामं करतो, कीर्तनापासून नाट्यसंगीतापर्यंत मिळेल ते. मुसलमान आहे आणि शिकलो एका गुरवांकडे. म्हणजे तुमच्या घरात जी चर्चा चाललीय तीच आमच्या घरात उलट्या बाजूनं झालेली आहे. म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं धरतो.

आमच्या गावाबद्दल लोक फार गोड बोलतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना वाटेत एका स्टेशनवर ते गेले, तिथून त्यांना इथं आणलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावानं तिथं गाणं-बजावणं होतं, आणि जे कलाकार तिथं बसतात त्यातलेच कितीतरी नवरात्रात अंबाबाईच्या उत्सवातही बसतात. उरुसातल्या पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा आहे. हे सगळं खरं आहे, आणि ऐकून पाहुण्यांचे डोळे भरून येतात. पण याच मिरजेत 2009 च्या गणपतीत एका कमानीवरून दंगल झाली, तीही खरीच. तेव्हा इथं गल्लीगल्लीत बनणारे तंबोरे कुणाला आडवे आले नाहीत. त्यामुळे ‘संगीत माणसं जोडतं’ हे वाक्य मी स्टेजवर ऐकून घेतो, घरात नाही.

संगीतवाल्यांचं मन खरं अडतं ते घराण्यापाशी आणि विद्येपाशी. माझ्या गुरुजींनी मला पोटच्या पोरासारखं वागवलं, पण एक गत, म्हणजे तबल्यावरची बांधलेली रचना, होती ती त्यांनी मला वर्षानुवर्षं दिली नाही. स्वतःच्या मुलालाही दिली नाही, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. भांडणंही बघा कशावरून होतात. सांगलीचे देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज जज्ज, यांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांचं, गणित मांडलं आणि अब्दुल करीम खाँसाहेब ते गाऊन दाखवायचे. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत यावरून चांगलंच वाजलं. संगीतशास्त्राचे जाणकार भातखंडे, त्यांना ते गणित मुळीच पटलेलं नव्हतं. तिथं कोण कुठल्या बाजूला होतं त्यावरून कुणाचा धर्म ओळखून दाखवा! एका स्वराच्या उंचीवरून माणसं एकमेकांचं तोंड बघायची बंद होतात, मग देवाधर्मावर भांडायला त्यांना वेळ कुठला?

आणि विद्या जिथं आहे तिथं जावंच लागतं. भास्करबुवा बखले तीन उस्तादांकडे शिकले: फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. बुवा फार उदार होते म्हणून तिकडे गेले असं मला वाटत नाही. गाणं तिथं होतं म्हणून गेले. त्याच बुवांनी 1916 साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बांधल्या, आणि तुमच्या सासूबाईंच्या आईनंही त्या गुणगुणल्या असतील. भीमसेनजींच्या अभंगांमागची गायकी सवाई गंधर्वांकडून आली, त्यांना ती अब्दुल करीम खाँसाहेबांनी दिली, आणि खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे. दिरांना हे सांगून काही होणार नाही, त्यांना ते माहीतच असेल. माहीत असूनही ‘दुसरं कुणी बघा’ म्हणता येतं.

माझे अब्बा तंबोऱ्यांना जवारी काढून द्यायचे, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासून द्यायचे. मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, विठोबाच्या मुलखातून. घोडीवर तार जिथं टेकते तिथला उतार कानशीनं घासायचा, इतका हलका की भुसाही दिसू नये. मग तार चढवायची, खाली दोरा सरकवायचा आणि ऐकायचं. आस, म्हणजे तारेची लांबणारी गुंज, उघडली तर ठीक, नाहीतर तार उतरवून पुन्हा घासायचं. पुण्याहून एक बुजुर्ग गायक यायचे. दुकानात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, तांब्या घरून आणायचे. पण जवारीच्या वेळी अब्बांच्या शेजारी, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ, दुपारभर बसायचे आणि अब्बा ‘झाली’ म्हणाले की उठायचे. स्वतःच्या कानापेक्षा अब्बांच्या कानावर त्यांचा जास्त विश्वास. या माणसाला मोकळ्या मनाचा म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. अब्बांनी कधी ठरवायच्या भानगडीत न पडता पैसे चोख घेतले.

गुरुजींच्या घरी सुरुवातीला माझा पेला वेगळा होता. काकूंनी ठेवलेला, खिडकीत. गुरुजींना दिसत होता, ते काही बोलले नाहीत. मी लहान होतो, मलाही काही वाटलं नाही. पुढं कधीतरी तो इतर पेल्यांत मिसळला. कधी, ते मला आठवत नाही. त्या दिवशी घरात कुणी भाषण केलं नाही. मोठेपणी एकदा आजारी काकूंना मी चहा करून नेला, तर म्हणाल्या, “साखर किती टाकलीस रे, मारतोस की काय?” संपला विषय.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसलो ती.

कृष्णाकाठच्या एका गावात हरिनाम सप्ताह होता. ठरलेले पखवाजवाले ऐनवेळी आजारी पडले, कीर्तनकार बुवांनी मला फोन केला. बुवा मला ओळखत होते, आधी साथ केलेली. मी गेलो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लागते हे तुम्हाला माहीत असेलच. सप्ताहाच्या स्वयंपाकघरातून एका बाईंनी ताजी कणीक मळून दिली, मी ती लावली, स्वर जुळवला, हार्मोनियमवाल्यांशी मिळवून घेतला. सगळं तयार. आणि मग कमिटीचे सेक्रेटरी माईकसमोर आले.

दोन शब्द बोलतो म्हणाले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून सुरुवात केली. तिथून कबीर, तिथून बिस्मिल्ला खाँ, तिथून अब्दुल कलाम आणि त्यांची वीणा. प्रत्येक नावाला एक हात माझ्याकडे. मग आमचं गाव कसं सलोख्याचं, आम्ही कधी भेदभाव मानला नाही, आणि आज आपल्या विठुरायाच्या सेवेला हे मुस्लिम बांधव. शाल, श्रीफळ, फोटो. फोटोग्राफरला पहिला फोटो आवडला नाही म्हणून पुन्हा शाल. माझ्या गुरुजींचं नाव मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. ते बहुधा त्या यादीत बसत नव्हतं.

वर पंखा गरगर फिरत होता. कणीक वाळली, वर पापुद्रा धरला, डावी चढली, म्हणजे तिचा स्वर वर गेला. मी पाण्याचं बोट फिरवलं, पण तेवढ्यानं काय होतंय! पहिलाच अभंग सुरू झाला आणि डावी नुसती ठणठण करायला लागली. ती सावरताना माझी लय पुढं गेली. बुवांनी अख्ख्या मंडपासमोर मागं वळून मला झापलं: “अहो, अभंग पळतोय तुमचा, धरा जरा!” टाळकऱ्यांत हशा झाला. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला कुठं बरं वाटलं असेल तर तिथं. बुवांच्या लेखी मी लय पळवणारा पखवाजी होतो, बाकी कुणी नव्हतो.

कीर्तन संपलं, पंगत बसली. सेक्रेटरी मला अदबीनं ऑफिसच्या खोलीत घेऊन गेले. “तुम्हा कलाकारांना निवांत बसता यावं,” म्हणाले. टेबल, खुर्ची, स्टीलचं ताट. हार्मोनियमवालेही कलाकारच होते, ते पंगतीत होते. टाळकरी पंगतीत होते. निवांतपणा एकट्या माझ्या वाट्याला आला. मी काही बोललो नाही, कारण भूक लागली होती आणि आमटी झकास झाली होती. थोड्या वेळानं बुवा आत आले, जेवण उरकून, हात पुसत. मला वाटलं काहीतरी समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, “दुसऱ्या अभंगातही पळालास. डावी चढली होती तर मला खूण करायचीस, मी दोन ओव्या जास्त म्हटल्या असत्या, तेवढ्यात कणीक बदलली असतीस.” आणि समोरच्या खुर्चीवर बसून टेबलावर बोटांनी मला ठेका दाखवायला लागले.

त्या सेक्रेटरींची आणि माझी गाठ नंतर एका लग्नात पडली. मी त्यांना सरळ सांगितलं, की तुमच्या भाषणानं माझा पखवाज बिघडला आणि तुमच्या ताटानं भाषण बिघडलं. ते दुखावले. “आम्ही तुम्हाला एवढा मान दिला,” हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अजून म्हणतात असं ऐकतो. त्यांचं म्हणणं, तुमच्यासाठी शांत जागा केली तर त्यात वाईट काय. माझं म्हणणं, ज्याच्यासाठी वेगळी जागा करावी लागते त्याला आपण अजून पाहुणाच धरतो, आणि मी त्या देवळात पाहुणा म्हणून गेलो नव्हतो, कामाला गेलो होतो.

आमच्याकडचंही सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. माझे मामू गाण्याबजावण्याच्याच विरोधात आहेत, मग ते दर्ग्यात असो की देवळात. सौदीहून परत आल्यापासून जास्तच. त्यांनी मला तोंडावर सांगितलंय, “वाजव, तुझं पोट आहे, पण मला ऐकवू नकोस.” मी ऐकवत नाही. आमचं यावर कधी पटणार नाही, आणि ईदला शीरखुर्मा त्यांच्याच घरी असतो. मला मामूंचा राग येत नाही. ते जे मानतात ते बोलतात, आणि फोटो काढत नाहीत.

तर तुमच्या मुलाचं. उस्ताद मोकळ्या मनाचे आहेत का हे तपासत बसू नका, ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही आणि तबल्याला त्याचा उपयोगही नाही. एकदा शिकवणीला जाऊन कोपऱ्यात बसा. पोरांचे हात ते स्वतः धरून बसवतात की नुसते बोल लिहून देतात, ते बघा. तालाची टाळी-खाली पोरांकडून मोजून घेतात का? सहा महिन्यांत पहिल्याच कायद्यावर, म्हणजे तबल्याच्या पायाभूत रचनेवर, घासून घेत असतील तर फार चांगलं; सहा महिन्यांत परीक्षेला बसवत असतील तर सासूबाईंचं ऐका, दुसरं कुणी बघा. फी आधी विचारा. त्यांच्याकडे चहा दिला तर पोरगा प्यायला तर पिऊ दे, नाही प्यायला तर तिथं त्याला डोळे वटारू नका. आणि घरात ‘बघा, आम्ही आमच्या मुलाला कुणाकडे पाठवतो’ असं चारचौघांत सांगू नका, ही विनंती. पोराच्या कानावर ते पडतं, आणि मग तो तिथं शिकायला न जाता उपकार करायला जातो.

सगळ्या कमिट्या तशा नसतात हेही लिहून ठेवतो. पुष्कळ गावांत मी पंगतीत जेवलोय, वाढप्यांनी दुसऱ्यांदा भाकरी वाढताना नावही विचारलं नाही. आणि हे सगळं साथीदाराच्या जागेवरून दिसलेलं आहे. मोठ्या गवयांना स्टेजवरून वेगळं दिसत असेल.

ते सेक्रेटरी इथं वाचत असतात असं मला कळलंय. साहेब, पुढच्या सप्ताहाला बोलावलंत तर येईन. निवेदनात माझ्या गुरुजींचं नाव घ्या, भाषण कीर्तन झाल्यावर करा, आणि बिदागी आधी ठरवू. गेल्या वेळी पाकिटात शालीचे पैसे वळते करून घेतले होतेत.