काळा पॉप्लर : ओळख, लागवड आणि आपल्याकडची अडचण

प्रश्न : काश्मीरमध्ये रस्त्याच्या कडेला सरळसोट उंच झाडांच्या रांगा दिसतात. तो काळा पॉप्लर का? फांद्या आणून विदर्भात बांधावर लावल्या तर जगतील का?

उत्तर : फांद्या खोडाला चिकटून सरळ वर गेलेल्या असतील तर बहुधा काळ्या पॉप्लरचाच लोंबार्डी प्रकार. मूळ काळा पॉप्लर युरोप आणि पश्चिम आशियातला, नदीकाठचा. त्याचा घेर मात्र मोठा, फांद्या पसरट. दोन्हींची साल जुनी झाली की काळपट होऊन खोल भेगाळते.

खरा घोटाळा होतो तो पंजाब-हरियाणात प्लायवूडसाठी लावतात त्या अमेरिकन पॉप्लरशी. पान हातात घ्या. देठ दोन्हींचा चपटा, म्हणून जरा वारा आला की पाने थरथरतात. त्यावरून ठरवू नका. देठ पानाला मिळतो तिथे बारीक ग्रंथी आणि पानाच्या कडेला सूक्ष्म लव दिसली तर अमेरिकन. काळ्याचे पान लहान, लांब टोकाचे. ग्रंथी नाहीत, कडेला लव नाही. पान खालून पांढरे लोकरीसारखे असेल तर तो तिसराच, पांढरा पॉप्लर.

नर-मादी झाडे वेगळी असतात. कापूस उडतो मादीचा, आणि ॲलर्जीचा दोष त्यालाच दिला जातो. परागकण मात्र नराचे! बी जेमतेम काही दिवस टिकते, म्हणून लागवड छाट कलमानेच करतात.

जानेवारी-फेब्रुवारीत, डोळे फुटण्याआधी, एक वर्षाच्या फांदीचे पेन्सिलपेक्षा थोडे जाड, 20 ते 25 सें.मी. तुकडे घ्या. रात्रभर पाण्यात ठेवा. वाफ्यात 80 × 60 सें.मी. अंतरावर, एकच डोळा वर ठेवून रोवा. तुकडा सुकला किंवा उलटा रोवला गेला की फुटत नाही; ही चूक फार होते. वर्षाने 3 ते 4 मीटरचे रोप सुमारे 1 मीटर खोल खड्ड्यात लावतात, म्हणजे मुळे ओलाव्यापर्यंत पोचतात आणि रोप वाऱ्याने हलत नाही. जमीन पोयट्याची, निचऱ्याची हवी.

विदर्भात मात्र लावू नका. पॉप्लरला पानगळीनंतर खरी थंडीची विश्रांती लागते. अमेरिकन पॉप्लरची लागवडसुद्धा साधारण 28 अंश अक्षांशाच्या उत्तरेलाच यशस्वी होते. महाराष्ट्र 22 अंशांच्याच आसपास संपतो. त्यात उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पाणी धरणारी काळी जमीन. रोप पहिल्या वर्षी तरारेल, पण इमारती लाकडाची वाढ धरू नका. प्लायवूडसाठीच झाडे हवी असतील तर मलबार नीम पाहा, आणि रोपे घेण्याआधी लाकूड कोण, किती घेराचे, कोणत्या दराने घेणार हे लेखी ठरवा.