ऐकलेले आणि ऐकीव

प्रिय मैत्रिणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आजोबांच्या लाकडी पेटीतून निघालेल्या ग्रामोफोनच्या ६३ तबकड्या तू पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडून प्रत्येकीची दोन्ही अंगे टिपली आहेस, हे पाहून फार बरे वाटले. या साऱ्या तबकड्या दोन महिन्यांत आपल्या संकेतस्थळावर चढवायच्या, असा तुझा बेत आहे. मला विचारशील तर तो बेत बदल. पंधरवड्याला एक तबकडी एवढाच वेग ठेव; जवळजवळ अडीच वर्षे लागतील, ती लागू देत. जुने गाणे ऐकवणारी ठिकाणे आज उदंड आहेत, पण गाण्याखालच्या नोंदीवर निर्धास्तपणे विसंबावे अशी ठिकाणे फार थोडी आहेत, आणि ज्याच्या मागे ना मालक आहे ना मुदत, अशा हौशी माणसालाच असे ठिकाण उभारणे सर्वांत अधिक शक्य असते.

तू पाठवलेल्या छायाचित्रांत काठाचा टवका उडालेली एक तबकडी आहे, तिच्यावरूनच सांगतो. ती लाखेची आहे, त्यामुळे स्पिरिटने कधीही पुसू नकोस. स्पिरिटात लाख विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून, लेबल कोरडे ठेवून, खाचांच्या दिशेने मऊ कापड फिरवावे. त्यानंतर तबकडी दिव्याखाली तिरपी धर. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत काही अंक कोरलेले दिसतील. लेबलवरचा क्रमांक विक्रीसाठी असतो. हा कोरलेला क्रमांक त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाचा असतो. लेबले चुकीची चिकटवली जात, एकच गाणे पुढे निराळ्या क्रमांकाने बाजारात येई, परंतु कोरलेला क्रमांक बदलत नसे. म्हणून दोन्ही क्रमांक जसेच्या तसे, मधल्या रेघा आणि अक्षरे यांसह उतरवून घे. एखादा अंक पुसट असेल तर तेथे अंदाजाने अंक भरू नकोस, पुसट आहे असेच लिही.

वाजवताना सुई बदलायला विसरू नकोस. एलपीची सुई मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन बसते आणि तेथला कचरा उकरत राहते. जुन्या तबकडीला सुमारे तीन ते चारपट रुंद टोकाची सुई लागते. संगणकावरची मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्यावी. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची धरली तर दोन वाहिन्यांवर शंभर मेगाबाइटच्या थोडी वरच जाते, पण ही प्रत जपून ठेवण्यासाठी आहे. ऐकणाऱ्यांसाठी त्यातूनच चार-पाच मेगाबाइटची एमपीथ्री काढता येते. खरखर काढण्याचा मोह होईल. काढायची तर केवळ त्या छोट्या प्रतीतून काढ. मूळ प्रतीला हात लावू नकोस, कारण खरखरीबरोबर तंबोऱ्याचा जवारीदार नाद केव्हा निघून गेला, हे आपल्याला कळतही नाही.

आता वेगाबद्दल, कारण इथेच बहुतेक नोंदी फसतात. तबकडीवर ७८ छापले आहे म्हणून ती त्याच वेगाने मुद्रित झाली होती, असे समजू नये. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण रूढ होईपर्यंत, भोंग्यासमोर गायच्या काळात, हा वेग बराच मागेपुढे होत असे. वेग सुमारे सहा टक्क्यांनी घटला की सूर एका पट्टीने उतरतो, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये ऐकू येते, तिची तान सुस्तावते, आवाज जड वाटतो, आणि मग त्या जड आवाजाबद्दल कोणीतरी मोठ्या अधिकाराने लिहितो. साथीला पेटी असेल तर षड्ज कोणत्या पट्टीवर बसतो ते पाहावे. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर वेगाविषयी संशय घ्यावा. हा केवळ संशय आहे, पुरावा नव्हे, कारण जुन्या पेट्याही आजच्या पेट्यांशी तंतोतंत जुळत नसत. तू जो वेग धरलास तो आणि तो का धरलास, हे एका वाक्यात लिहून ठेव.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगणे मला आवश्यक वाटते. २००४ साली एका तबकडीचे लेबल पार झिजलेले होते. एका जाणत्या संग्राहकाने गायिकेचे नाव सांगितले आणि मी ते नोंदीत ठामपणे लिहून टाकले. पाच-सहा वर्षांनी मिरजेहून एका वृद्ध पेटीवादकांचे पत्र आले. त्यांनी तबकडीच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव सांगते ते ऐकले होते. मी ते खरखर समजून कापून टाकले होते! सुरुवातीच्या काळात तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथल्या कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गाणे संपताच नाव उच्चारण्याची रीत पडली होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी उच्चारलेले नाव आजही ऐकू येते. हे सारे मला माहीत होते. तरीही मी ऐकलेले सोडून ऐकीव धरले. मी नोंद दुरुस्त केली, परंतु तोवर ते चुकीचे नाव इतरांच्या दोन लेखांत गेले होते, आणि एका कलावतीचे गाणे दुसरीच्या खात्यावर जमा झाले होते. ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: तबकडीवर काय वाचले, कानाने काय ऐकले आणि कोणाकडून काय कळले. राग हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. लेबलवर भूप असेल आणि तुला देसकार ऐकू येत असेल तर लेबल खोडू नकोस आणि आपला कानही दाबू नकोस. दोन्ही लिही, आणि धैवतावरचा जोर, उत्तरांगातली, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागातली हालचाल यांपैकी कशामुळे तुला तसे वाटले ते सांग. नंतर कोणी अधिक जाणते माणूस तुझे चुकले असे दाखवील, तेव्हा जुने मत पुसून न टाकता दुरुस्ती तारखेसह त्याच्या खाली जोड.

केसरबाई केरकरांवर लिहिताना जवळजवळ प्रत्येक जण १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या त्यांच्या भैरवीपाशी येतो आणि तेथेच थांबतो. ते अभिमानाचे आहेच. पण साडेतीन मिनिटांच्या बंधनात त्या किती सावकाश श्वास घेतात, कोठे दम राखतात आणि कोठे सोडतात, हे ऐकून लिहिणारा मला क्वचितच भेटला. तुझे पान त्या दुसऱ्या प्रकारचे असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

स्वरलेखन देणार असशील तर भातखंडे पद्धत सोयीची पडेल आणि तिच्यासाठी चित्रे चिकटवण्याची गरज नाही. ऋग्वेद छापताना अनुदात्ताला अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरिताला वर उभी रेघ देतात. ही दोन्ही चिन्हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, आहेत. कोमल गंधारासाठी ग॒ आणि तीव्र मध्यमासाठी म॑ त्यांनीच लिहिता येतो. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराखालच्या बिंदूसाठी नुक्ता चालतो. वरच्या सप्तकातल्या तार षड्जावरच्या बिंदूसाठी मात्र अनुस्वार देऊ नकोस, कारण डोळ्यांना तो बिंदू दिसला तरी शोधयंत्राला ‘सं’ हे निराळेच अक्षर दिसते. मी आरंभीची दोनशे पाने युनिकोडबाहेरच्या एका फॉन्टमध्ये लिहिली होती, ती पुढे निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसली आणि पुन्हा टंकावी लागली.

हक्कांविषयी तू विचारले आहेस. १९५७च्या आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो, त्यामुळे १९६४पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांची मुदत २०२४च्या अखेरीस संपली. परंतु शब्द आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदे मोकळी आहेत; ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ संपेपर्यंत आहे, तबकडी कितीही जुनी असली तरी. जेथे हक्क शिल्लक आहे तेथे गाणे चढवू नकोस, नोंद तेवढी दे. नोंदीला कोणाची परवानगी लागत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या नावावर घे आणि साऱ्या पानांची प्रत घरातल्या दोन निराळ्या डिस्कवर व तिसरी दुसऱ्या गावी ठेव. फुकटच्या जागेत घर बांधू नये. फुकट पाने ठेवू देणारे जिओसिटीज २००९ साली बंद झाले तेव्हा हौशी माणसांची असंख्य पाने एकदम नाहीशी झाली. रंगरूपावर फार वेळ घालवू नकोस. पान साधे, अक्षर मोठे आणि जुन्या फोनवरही उघडेल इतके हलके असले की पुरे.

पहिल्या नोंदीसाठी ती टवका उडालेली तबकडीच घे. तिच्या कागदी पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीने ‘सांगली, दिवाळी’ असे लिहिलेले मला छायाचित्रात दिसले. ही खरेदीची खूण असावी, मुद्रणाची नव्हे, तरीही ती नोंदीत आलीच पाहिजे. तुझ्या आजी आहेत, तेव्हा ती दिवाळी कोणती, ग्रामोफोन घरात कोठे ठेवलेला असे आणि ही तबकडी कोण लावायला सांगे, हे त्यांना लवकर विचार आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावाने लिही. मसुदा झाला की कोरलेल्या क्रमांकासह मला पाठव. माझ्याकडे याच गाण्याची एक प्रत आहे असे वाटते. तोवर मी ती कपाटातून काढून क्रमांक पडताळून ठेवतो.

कळावे,

तुझा काका