येटेमला राहायचं म्हणता?

कॅलिफोर्नियातल्या वायसेलिया शहरात नोकरी ठरलीय, पण राहायला शहर नको. जवळच्या येटेम या अर्मेनियन शेतकऱ्यांच्या गावात घर घ्यावं का, आणि बायकोला सहावा महिना लागलाय, असं तुम्ही विचारलंय. मी तासगावची, इकडे नऊ वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅलिफोर्नियातल्या टुलेरी काउंटीतलं हे गाव म्हणजे रस्त्याकडेची थोडी घरं. 2010 च्या जनगणनेत 211 माणसं. बाकी संत्र्यांच्या आणि द्राक्षांच्या बागा. येटेम हे नाव अर्मेनियन ईडनवरून आलं, आपलं नंदनवन म्हणा ना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्मेनियन कुटुंबांनी इथे जमिनी कसल्या. पण अर्मेनियन शेजार मिळेल या भरवशावर जाऊ नका दादा. मुलं-नातवंडं शहरात गेली, चर्च तेवढं राहिलं. आता गावात कानावर पडते ती स्पॅनिश. कामापुरती शिकून घ्या, माणसं पटकन आपलंसं करतात.

आता पाणी, कारण तुमच्या घरी बाळ येणार आहे. या पट्ट्यात वर्षानुवर्षं रासायनिक खतं जमिनीत मुरलीत, त्यामुळे विहिरींच्या पाण्यात नायट्रेट सापडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते फार घातक. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं! सार्वजनिक नळ असेल तर वार्षिक पाणी अहवाल मागा, खासगी बोअर असेल तर स्वतः तपासून घ्या. घरमालकाच्या "काही होत नाही"वर जाऊ नका. आम्ही गेलो होतो, आणि वर्षभर जार वाहिले.

बाकी, द्राक्षवाल्या घरचे असाल तर ऑगस्टअखेर जीव रमेल. वाण आपलंच, थॉमसन सीडलेस. पण आपल्यासारखी बेदाणा शेड नाही, घड द्रावणात बुडवायचं डिपिंगही नाही. दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरतात, त्यावर घड पसरून दोन-तीन आठवडे उन्हात सोडतात. मध्येच उलथतात, मग कागदाची गुंडाळी करतात. सप्टेंबरात ढग आला की इथला शेतकरीही आपल्या बाबांसारखाच दहा वेळा अंगणात येऊन वर बघतो. त्याआधी, 15 ऑगस्टच्या जवळच्या रविवारी, अर्मेनियन चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात. जुनी माणसं त्याआधी नवं द्राक्ष तोंडात घालत नसत. नवान्नच की हे!

उन्हाळा चाळिशीपार. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं, की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. बाळंतपणाच्या दिवसांत दवाखाना गाठायचा रस्ता तोच. गाड्या दोन लागतील. ज्वारीच्या पिठासाठी फ्रेस्नो शहर गाठावं लागतं.

माझं ऐकाल तर पहिलं वर्ष वायसेलियात भाड्याने काढा. तरीही येटेमचं घर बघायला गेलात, तर हॉल नंतर बघा. आधी स्वयंपाकघरात शिरा आणि कोपऱ्यात निळ्या जारांची रांग आहे का बघा.