पोलिश राष्ट्रीय तत्त्वज्ञान आज वाचण्यासारखं आहे का?

हो, पण निवडून. सुरुवात ऑगस्ट चेश्कोव्स्की या पोलिश तत्त्वज्ञापासून करा. 1772 ते 1795 दरम्यान रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला. राज्यच हातातून गेलेल्या राष्ट्राने टिकायचं कसं, या प्रश्नातून हे तत्त्वज्ञान आलं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने इतिहासाचा अर्थ लावला, पण भविष्याबद्दल तो गप्प राहिला. चेश्कोव्स्कीने 1838 च्या जर्मन ग्रंथात तीच जागा धरली: प्राचीन काळ भावनेचा, ख्रिस्ती काळ विचाराचा, पुढचा काळ कृतीचा. आणि 1870 मध्ये त्याने पोझनानजवळच्या झाबिकोवोत खरोखर शेतकी शाळा काढली! विचार असा जमिनीवर उतरतो, म्हणून तो मला आजही मोलाचा वाटतो. मात्र ‘पोलंड म्हणजे राष्ट्रांमधला ख्रिस्त’, म्हणजे त्याच्या यातनांतून इतर राष्ट्रांचीही मुक्ती होईल, ही पोलिश कवी मित्सकेविचची मांडणी जपून घ्या. ती पारतंत्र्यात धीर देणारी होती. 1918 ला स्वतंत्र झालेल्या देशाचा कारभार तिच्यावर चालत नाही.